गाण्यात घेतलेलं नाव

"गाण्याच्या कार्यक्रमाला तिकीट लावायचं नाही," मावुंगूनं सभेत सांगून टाकलं. "तिकीट लावलं की अख्खं मातादी गाव शाळेच्या भिंतीवर चढून फुकट बघतं. मागल्या खेपेला भिंतच बसली खाली. पाण्याचा पंप तुम्हाला मी मिळवून देतो. फक्त मधे कुणी बोलायचं नाही."

मधे बोलायची सवय एकट्या ममा लुझोलोला. चढावरच्या बायांची ती पुढारी. झरा खाली घळीत, घरं वर डोंगरावर. तीस वर्षं डोक्यावरून पाणी वाहून तिची मान अशी ताठ झाली होती की ती देवासमोरसुद्धा वाकत नसे.

"तू मिळवून देणार?" ती म्हणाली. "मागं तू पाद्रीबाबांच्या मोटारसायकलला बकरीसारखा ओरडणारा भोंगा बसवून दिलास. तेव्हापासून ते मयताला पायी जातात."

"भोंगा फुकट दिला होता, ममा. ते कुणी सांगत नाही."

मावुंगू चढाच्या तोंडाशी बसणारा पंक्चरवाला. वय बावन्न. त्यानं एकदा तरी गंडवला नाही असा माणूस त्या डोंगरावर नव्हता. असलाच तर तो नवीन राहायला आलेला असायचा, आणि त्याचाही नंबर लागायचाच. पण या वेळी त्याच्या मनात खोट नव्हती. त्याची बायको मातोंदोही त्याच चढानं पाणी आणायची, आणि हल्ली मधे दोनदा बसायची. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याचा बेत सरळ होता. आपला माणूस एक वेळ उपाशी राहील, बायकोला चप्पल घेणार नाही. पण गायकानं गाण्यात त्याचं नाव घेतलं, की तो नाचत मंचावर जाईल आणि गायकाच्या घामेजल्या कपाळाला नोट चिकटवील. नाही गेला तर पुढं वर्षभर तोंड लपवून हिंडावं लागतं. तेव्हा डोंगरावरचे तिन्ही बॅन्ड शाळेच्या पटांगणात फुकट वाजवणार, आणि जो पंपासाठी काही देईल त्याचं नाव गाण्यात.

शनिवारी दुपारपर्यंत यादी मावुंगूच्या गुडघ्याच्या खाली लोंबायला लागली. एका खाटकानं मटण देऊ केलं, पण दुसऱ्या खाटकाचं नाव त्याच गाण्यात नको. बेकरीवाल्याला आपलं नाव गिटारच्या आधी हवं होतं. चर्चच्या बॅन्डनं दारूवाल्या बाईचं नाव घ्यायला नकार दिला. शेवटी 'तहानलेल्यांची बहीण' असं गायचं ठरलं.

'पहाडी तारे' बॅन्डचा गायक कियेसे यादी बघून म्हणाला, "मावुंगू दादा, प्रेमाचं गाणं आहे. यात प्रेयसी कुठं घालू?"

"तिनं काही दिलंय का?"

"नाही."

"मग तिला काढ."

गाणं चाळीस मिनिटं चाललं. त्यात नावांखेरीज काहीही नव्हतं, आणि लोकांना आजवर इतकं सुंदर गाणं ऐकल्याचं आठवत नव्हतं. जो तो आपलं नाव येईपर्यंत श्वास धरून बसायचा, आणि आलं की शेजाऱ्याकडं असं बघायचा जणू गाणं आपणच रचलंय.

पण जमलं काय? कोंबड्या अकरा, कसाव्याच्या कंदांची पोती तीन, मटण, आणि कपाळाला चिकटणाऱ्या नोटा, ज्या सगळ्या लहानातल्या. ममा लुझोलोनं पैशांच्या डब्यात डोकावून पाहिलं. "यात पंपाचा नट येईल," ती म्हणाली. "बोल्टला पुढल्या वर्षी नाचू."

पंप गावात एकच होता. पापा लुकोकीच्या सिमेंटच्या दुकानात, काचेच्या मागं, दोन वर्षं. पापा लुकोकी म्हणजे असा चिकट माणूस, की लोक म्हणायचे, त्याच्या दुकानात सावली पडली तरी तो ती आत ओढून घेतो. आता तो पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. यादीत त्याचं नाव नव्हतं. त्याच्याकडं मागायला कुणी गेलंच नव्हतं.

मावुंगूच्या डोक्यातला जुना किडा वळवळला. तो मंचामागं गेला आणि दोन बाटल्या बिअरवर कियेसेशी सौदा करून आला.

पुढल्या गाण्यात कियेसेनं डोळे मिटले, हात छातीवर ठेवला आणि सूर लावला: "पापा लुकोकी, पाण्याचा बाप, ज्यानं डोंगराला पंप दिला..."

अख्खं पटांगण पापा लुकोकीकडं वळलं. ढोलवाल्याचा एक ठोका चुकला. बाया एकदम किलकारल्या. मावुंगू खांबाआड उभा राहून पापाच्या चेहऱ्याकडं बघत होता, गळाला लागलेल्या माशाकडं बघावं तसं.

पापा लुकोकी सावकाश उठला. मंचावर गेला. त्यानं कियेसेच्या कपाळाला नोट चिकटवली, मोठी. कियेसेनं आयुष्यात कपाळावर एवढी नोट पाहिली नव्हती. आताही कपाळावर असल्यानं दिसत नव्हती. मग पापा त्याच्या कानाला लागला.

कियेसे गायला लागला: "पापा लुकोकी पंप देतो हो, आणि मावुंगू, डोंगराचा वाघ, पाइपाचा चर एकटा खणतो, झऱ्यापासून वरपर्यंत, एक पैसा न घेता..."

पटांगण पेटलं. मातोंदो दोन्ही हात वर करून नाचायला लागली. लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याचं नाव चांगल्या कामासाठी घेतलं जात होतं. मावुंगू "अरे नाही, थांबा, ऐका" म्हणत मंचाकडं धावला. लोकांना वाटलं, मान स्वीकारायला येतोय. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं.

खांद्यावरून त्याला जे दिसलं ते वाईट होतं. मंचाखाली रांग लागली होती. आजवर त्यानं ज्यांना गंडवलं ते सगळे, एकेकाच्या हातात एकेक नोट. सगळ्यात पुढं पाद्रीबाबा.

"मावुंगू, जो चर्चच्या सिस्टर लोकांची पंक्चरं फुकट काढतो," कियेसे गात होता. "मावुंगू, जो दर रविवारी चर्चला येतो, न पिता..."

"कियेसे, मी तुला चार बाटल्या देतो, थांब!"

"बाटल्यासुद्धा फुकट वाटतो हो, मावुंगू..."

सोमवारी पंप वाजतगाजत घळीत आला. बाकी काम एकट्यानं करायचं होतं, कारण गाण्यात 'एकटा' शब्द होता आणि तो सगळ्यांना पाठ होता. आता मातादी या शब्दाचा अर्थच आमच्या बोलीत दगड. लोकांनी गावाचं नाव उगीच ठेवलेलं नाही हे मावुंगूला पहिल्याच तासात कळलं. गुरुवारपर्यंत त्याची वीस पावलं झाली होती. बाया बादल्या घेऊन शेजारून जायच्या आणि त्याला बघून तेच गाणं गुणगुणायच्या.

गुरुवारी पापा लुकोकी चर बघायला आला. काठावर उकिडवा बसला.

"पापा, तुम्ही जिंकलात," मावुंगू घाम पुसत म्हणाला. "पण एक सांगा. गाण्यात नाव घेतलं नसतं तर पंप दिला असतात?"

"दिला असता की."

"कसा?"

"तुम्ही मागितला असता तर. म्हणून तर पहिल्या रांगेत बसलो होतो. म्हटलं, आता कुणी येईल, मग कुणी येईल." पापा लुकोकीनं चरातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "चर खणायला पण दुकानातली चार माणसं देणार होतो."

मावुंगू पहारीला टेकून उभा राहिला. "मग आता द्या ना, पापा. मागतो मी."

"आता कसं देणार?" पापा उठला आणि पोत्यासारखी सैल झालेली पँट वर ओढत म्हणाला, "गाणं झालंय ना."