कोरड्या टाकीचे आभार

"तो रेडिओ बंद कर आणि माझ्या वहाणा काढ," अफ्राकोमा आजींनी लेकीला फर्मावलं. "साहेबाचे आभार मानायचे राहिलेत."

"अगं आई, काल टाकीखाली अख्ख्या गावानं टाळ्या पिटल्या की!" सेरवा जांभई देत म्हणाली.

"ते कालचं. आभार दुसऱ्या दिवशी पहाटे दारात जाऊन मानतात. रस्त्यावर वाढलीस काय?"

असांते मुलखात हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि हे काही वाटीभर मीठ नव्हतं. परक्या सरकारनं आपल्या देशाचं जुनं कर्ज माफ केलं होतं. आजींच्या लग्नाच्या वर्षी गावात पाण्याची टाकी उभी राहिली ती त्याच कर्जातून. तिच्यात वटवाघळांखेरीज काही भरलं नाही, ते सोडा. माफी जाहीर करायला राजदूत हालवर्सनसाहेब टाकीपाशी आले आणि रात्री विश्रामगृहात राहिले. न्याहारी करून ते निघून गेले, तर उपकार गावाच्या डोक्यावर तसाच राहणार! आजींनी जन्मात कुणाचा ठेवला नव्हता.

आजी मेंढा ओढत निघालेल्या पाहून शेजारणी अंडी घेऊन मागं लागल्या. ढोलवालेही आले. फटफटलं तेव्हा अर्धं गाव विश्रामगृहापुढं उभं होतं. गप्प. यजमानानं पाणी देऊन काम विचारल्याशिवाय पाहुण्यानं तोंड उघडायचं नसतं.

साहेबांनी पडदा सारला आणि त्यांचा चेहरा पिठासारखा झाला. गर्दी बोलेना, हलेना. मावशीकडे झोपायला गेलेला साहेबांचा ड्रायव्हर बोआची धावत आला.

"साहेब, आधी पाणी द्या त्यांना!"

"टाकी कोरडी आहे, ठाऊक आहे मला!" साहेब कळवळले. "पण तिचंच तर कर्ज माफ केलं!"

"अहो, प्यायला! पेल्यातून!"

अंगात झोपायचा लेंगा, एकाच पायात मोजा, अशा थाटात साहेबांनी पाणी पुढं केलं आणि बोआचीच्या सांगण्यावरून काम विचारलं. आजी घोटभर प्यायल्या, खांद्यावरचं वस्त्र सावरून त्यांनी आभार मानले. बोआचीनं ते साहेबांच्या भाषेत सांगितले, तसे ढोल वाजू लागले.

"आजी, मी काहीच केलं नाही," साहेब ओशाळले. "पैसा आमच्या देशातल्या लोकांचा."

"किती लोक?"

"असतील पन्नासेक लाख."

"ते ओळखतात आम्हाला?"

"नाही."

आजी पायरीवर बसल्या. ढोल आपसूक थांबले. त्या टाकीकडे बघत राहिल्या, जणू ती आत्ताच उभी राहिली होती.

"तोंडही न पाहिलेल्या माणसांनी सोडलं?" त्या पुटपुटल्या. "एवढी दारं मी कधी ठोठावू गं, सेरवा?"

आजींनी मेंढ्याची दोरी साहेबांच्या हाती दिली आणि मान खाली घालून परतल्या. जन्मात पहिल्यांदाच.

त्या रात्री मात्र त्यांना गाढ झोप लागली. पहाटे दार वाजलं.

दारात साहेब! दाढी केलेले, दोन्ही पायांत मोजे, हातात बिस्किटांचा डबा. मागं झेंड्याच्या गाडीतून मेंढा डोकावत होता आणि बोआची आभाळाकडे बघत होता.

आजींनी विस्कटलेले केस चापून बसवले, पाणी दिलं, काम विचारलं.

"मेंढ्याचे आभार मानायला आलोय," साहेब म्हणाले. "म्हणून काल निघालो नाही."

गाडी राजधानीच्या रस्त्यानं धुरळ्यात दिसेनाशी झाली. आजींनी डबा उलटसुलट करून पाहिला.

"सेरवा," त्या म्हणाल्या, "राजधानीची पहिली बस कधी सुटते गं?"