काका, नागीण आणि निळी बंडी

"हिंमत हाय तर माझ्या बाबांच्या मानेवर सोडून दाखव," कल्पिता म्हणाली, आणि केतन लगेच हो म्हणून बसला. (केतन नववीत दुसऱ्यांदा बसलाय. डोकं किती वेगानं चालतं ते यावरून समजा.)

कल्पिता त्याची चुलत बहीण. दोघं नागावात आपल्या भाताच्या बांधावर उभी होती. ओल्या मातीतून किडे तुरुतुरु पळत होते. मुंगीपेक्षा जरा मोठे, नारिंगी, डोकं काळं, आणि पाठीवर आखूड निळी बंडी घातल्यासारखी. बोट लावलं की विंचवासारखं शेपूट वर! केतननं दोन पकडले आणि काडेपेटीत भरले.

दुपारी कल्पिताचे बाबा, म्हणजे सीताराम काका, जेवून ओटीवरच्या झोपाळ्यावर घोरत होते. केतननं एक किडा मानेवर सोडला. काकांनी झोपेतच फटका मारला, हात मानेवरून आडवा ओढला आणि कूस बदलली. किड्याचा निकाल लागला. केतन पैज जिंकला.

एक दिवस मध्ये गेला आणि सकाळी घरात बोंब उठली. काकांच्या मानेवर लाल पट्टा, त्यावर पाण्याचे फोड. काकूच्या हातून चहाचं टोप सुटलं. नागीण! आता नागिणीचं तोंड आणि शेपूट गळ्याभोवती एकमेकांना टेकलं की माणूस संपला, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्यालाही पाठ असतं. काका गार पडले. घडोघडी कल्पिताला बोलावून मधलं अंतर बोटांनी मोजून घेऊ लागले. (तिची बोटं बारीक, त्यामुळं जास्त भरायची. तेवढाच काकांना धीर.)

नागीण उतरवणारे चांगदेव बुवा आले. त्यांनी गेरूचा लेप लावला आणि मासळी बंद सांगितली. मरणाचं ऐकून काका नुसते घाबरले होते, मासळीचं ऐकून त्यांनी डोळे पांढरे केले. मग बुवांनी मागीलदारच्या चुलीत विळा तापत घातला. दोन्ही टोकांना डाग द्यायचा, म्हणजे नागीण जागच्या जागी थांबते.

केतननं गळ्यातला रुमाल आणखी घट्ट केला.

तेवढ्यात मृणाल मॅडम चहाला आल्या. काकांच्याच होमस्टेमधल्या पाहुण्या, कॉलेजात किड्यांचं शिकवतात. त्यांनी भिंग काढून मान बघितली. म्हणाल्या, नागीण सहसा अंगाच्या एकाच बाजूला उठते, ही तर दोन्हीकडं पसरलीय. हे किड्याचं काम. रोव्ह बीटल. अंगावर चिरडला की त्याच्या रसानं एक-दोन दिवसांत फोड येतात, साबणानं धुवून जपलं की बरे होतात. मोबाईलवर फोटो दाखवला. तीच निळी बंडी.

"आणि हा ऱ्हातो कुठं?" बुवांनी विचारलं.

"ओल्या भातशेतात. बांधाच्या मातीत, कुजक्या पेंढ्याखाली. रात्री दिव्यावर येतो."

बुवा हसले. सीतारामचा गुडघा धरलाय, कधीपासून तो शेतात गेलेला न्हाय. रात्री दिवा बंद करून मच्छरदाणीत झोपतो.

"मग किडा काय एसटीनं आला?"

मॅडम पुन्हा भिंग लावून मान बघू लागल्या. बुवांनी विळा बाहेर काढला. लालबुंद. काकांनी काकूचा हात धरला, डोळे मिटले आणि पुटपुटले, "फ्रिजमधली सुरमई वाया घालवू नको."

केतननं कल्पिताकडं बघितलं. कल्पितानं पंख्याकडं बघितलं.

"किडा मी आणला," केतन म्हणाला. "काडेपेटीतनं."

मग काका मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "पोराची माया बघ. मला वाचवायला खोटं बोलतंय."

बुवा विळा घेऊन पुढं सरकले. आता केतनपुढं एकच इलाज उरला. त्यानं हिरोसारखा गळ्याला बांधलेला रुमाल सोडला. उशीखाली ठेवलेल्या काडेपेटीतला दुसरा किडा पैजेच्याच रात्री बाहेर निघाला होता, आणि केतननं झोपेत पार गळाभर खाजवलं होतं. फोडांची अख्खी गोल माळ. कुठं जागा म्हणून शिल्लक न्हाय.

बुवांच्या हातून विळा खण्णकन लादीवर पडला. काकूनं पदर तोंडाशी नेला. गावाच्या हिशेबानं पोरगं केव्हाच मेलेलं होतं.

"तोंड शेपटाला टेकलंय रे," काका उठून बसत म्हणाले. "मग तू..."

"अजून न्हाय मेलो, काका," केतन रडवेला होऊन म्हणाला. "आरशात बघितल्यापासनं वाट बघतोय. पण किडा मीच सोडला, आईशप्पत."