मगदूमांच्या इंजिनातले उरलेले भाग

सदानंदराव मगदूमांनी आपल्या मोटरसायकलचं इंजिन जितक्या वेळा उघडून पुन्हा जोडलं, पहिली खेप सोडली तर तितक्या वेळा त्यातला एखादा भाग उरला, आणि प्रत्येक वेळी इंजिन आधीपेक्षा बरं चालू लागलं.

गाडी एकोणीसशे चौसष्ट सालची, एका सिलिंडरची, आणि खरं तर त्यांच्या मोठ्या बहिणीची. सुमनआक्का सरकारी दवाखान्यात नर्स होती. बावीस वर्षं ती या गाडीवरून गडहिंग्लजच्या आजूबाजूच्या खेड्यांत बाळंतपणं करायला गेली. पुढे तिची नोकरी संपली, गाडी भावाच्या पडवीत येऊन पडली आणि उंदरांनी सीटमध्ये संसार थाटला. मग या वर्षी परिवहन कार्यालयाचं पत्र आलं. वाहन पंधरा एप्रिलच्या तालुका कॅम्पला चालू स्थितीत हजर करावं, अन्यथा त्याची नोंद रद्द होऊन ते मोडीत काढावं लागेल, असं त्यात लिहिलं होतं.

आक्का ऐंशीला आली होती. तिने पत्र भिंगातून दोनदा वाचलं आणि सांगितलं, की मला या गाडीवरून अजून एकदा नेसरीला जायचं आहे. नेसरीला एसटीनेही जाता येतं, असं सदानंदराव म्हणाले.

"एसटीने मी मंगळवारीच जाऊन आले," आक्का म्हणाली.

सदानंदरावांनी कोल्हापूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. तिथे त्यांना शिकवलं गेलं होतं, की जोडणी झाल्यावर भाग मांडायला अंथरलेल्या पोत्यावर काही उरलं, तर आपण फिटर नाही, भंगारवाले आहोत असं समजावं. एकतीस वर्षांत त्यांच्या पोत्यावर काही उरलं नव्हतं. याचा त्यांना गर्व होता, पण तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. आक्काच्या इंजिनाचा प्रत्येक भाग त्यांनी रॉकेलने धुतला, त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली आणि वहीत नंबर घातला. एकूण दोनशे चौदा भाग झाले. सिलिंडर बोअर करून आणला, रिंगा नव्या घातल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले. दोनशे चौदाही भाग आत गेले, आणि मार्चच्या एका सकाळी त्यांनी पहिली किक मारली.

इंजिन तेराव्या किकेला सुरू झालं. मिनिटभर खोकलं, डाव्या अंगाने टकटक करत राहिलं आणि बंद पडलं. त्यांनी प्लग काढून पाहिला. तो काळा पडला होता, पण ठिणगी ठीक होती. पेट्रोल येत होतं. व्हॉल्व्हचे टॅपेटही बरोबर होते. टकटक कशाची ते कळेना.

आक्का पडवीत खुर्ची टाकून बसली होती. तिने घरातून आपली लाकडी नळी मागवली. बाळंतिणीच्या पोटाला लावून आतल्या बाळाचे ठोके ऐकायची ती नळी. सदानंदरावांनी पुन्हा किका मारल्या, आणि तिने नळीचं एक तोंड इंजिनाला लावून दुसऱ्याला कान दिला.

"सदा, यात काहीतरी जास्तीचं आहे," ती म्हणाली.

असं होणं शक्य नाही हे त्यांनी तिला वहीतून दाखवलं. तरी टकटक होतीच, म्हणून त्यांनी इंजिन उघडलं, आत काही तुटलंय का ते पाहिलं आणि पुन्हा जोडलं. एकसष्ट नंबरचा वॉशर पोत्यावर उरला. त्यांनी पुन्हा उघडलं. वॉशर ज्या जागी होता ती जागा आता नव्हती. शेजारचे दोन भाग एकमेकांना असे भिडले होते, की मध्ये कागदही गेला नसता. विमलवहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, दिसू नये म्हणून वॉशर त्यांनी खिशात टाकला आणि किक मारली. इंजिन दुसऱ्या किकेला सुरू झालं.

पुढच्या जोडणीत एक स्प्रिंग उरली. त्याच्या पुढच्या वेळी दोन दातेरी चक्रं आणि एक खीळ. दर वेळी आवाज थोडा स्वच्छ व्हायचा, दर वेळी आक्का नळीतून ऐकून मान हलवायची, आणि सदानंदराव पुन्हा पान्याला हात घालायचे. खिसे भरल्यावर त्यांनी भाग पोत्यात टाकायला सुरुवात केली. पडवीत पाय ठेवायला जागा राहिली नाही आणि पापड कुठे वाळवू, असं विमलवहिनींनी एकदा विचारलं.

गल्लीच्या तोंडाशी यासीन मुल्लाचं गॅरेज होतं. तो सदानंदरावांना काका म्हणायचा आणि त्यांच्या हाताला मानायचा, त्यामुळे त्याला बोलावणं त्यांना जड गेलं. यासीन आला, दोन्ही व्हॉल्व्ह पोत्यात पडलेले त्याने पाहिले, आणि गाडी तर चालू होती.

"काका, हे इंजिन उपास धरून बसलंय," तो म्हणाला. "आता फराळाला काय घेतंय ते बघूया."

त्याने एक व्हॉल्व्ह परत बसवून पाहायचं ठरवलं. तासभर झटला. व्हॉल्व्ह कसाबसा आत गेला, पण इंजिन असं घुसमटलं की आक्काने नळी बाजूला ठेवून यासीनला हात मागे घ्यायला सांगितलं, जसं ती पूर्वी घाईच्या सुइणींना सांगायची. व्हॉल्व्ह काढला तसं इंजिन पहिल्या किकेला लागलं. त्यानंतर यासीन रोज दुपारी यायचा. चेष्टा कमी कमी होत गेली. ज्या दिवशी पिस्टन उरला, त्या दिवशी त्याने चपला पडवीच्या बाहेर काढल्या आणि पुढे कायम बाहेरच काढल्या.

पिस्टन उरला तेव्हा सदानंदरावांनाही वाटलं होतं, की आता संपलं. तो त्यांनी दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला. ज्याच्या वरखाली होण्यालाच इंजिन म्हणायचं, तो भाग त्यांच्या तळहातावर थंड पडला होता. त्यांनी किक हाताने दाबली, पायही लावला नाही. इंजिन सुरू झालं. ठोका असा सारखा आणि असा खोल पडत होता, की कोनाड्यातल्या तांब्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती आणि एकही वर्तुळ दुसऱ्यापेक्षा लहानमोठं नव्हतं.

मग क्रँक उरला. कार्बोरेटर उरला. सिलिंडरचं डोकं उरलं, त्यामागोमाग सिलिंडर. पेट्रोल मात्र लागत होतं. ते टाकीच्या नळीतून थेंबाथेंबाने मधल्या मोकळ्या जागेत पडायचं आणि जमिनीपर्यंत पोचत नव्हतं. यासीनने एकदा खाली ताटली ठेवून पाहिली. ती कोरडी राहिली. दोघेही उकिडवे बसून संध्याकाळपर्यंत ते थेंब बघत होते.

तेरा तारखेला इंजिनात एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे खालचं घर. सगळे भाग ज्याच्या पोटात बसतात, ते ओतीव धातूचं रिकामं खोकं. त्याच्या डाव्या अंगावर इंजिनाचा क्रमांक ठोकलेला होता. आरसी बुकात तोच क्रमांक होता आणि कॅम्पमध्ये तोच तपासणार होते. आवाज आता जवळजवळ निर्दोष होता. फक्त नळीतून ऐकलं तर आत कुठेतरी, मिनिटातून एकदा, नखाने टिचकी मारावी तसं काहीतरी वाजत होतं.

हे राहू द्यावं, असं सदानंदराव म्हणाले. हे काढलं तर क्रमांक जाईल, क्रमांक गेला तर नोंद जाईल, आणि मग गाडी मोडीत. टिचकीने कुणाचं काही बिघडत नव्हतं. आक्काने सगळं ऐकून घेतलं. तिला नेसरीला जायचं होतं, पण तिने हट्ट धरला नाही. तिने फक्त नळी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी कान लावला. इतका शुद्ध ठोका त्यांनी एकतीस वर्षांत कुठल्याच यंत्राचा ऐकला नव्हता, आणि मिनिटाने त्यात ती टिचकी आली. ती ऐकून ते हात बांधून बसू शकले असते, तर ते फिटर झालेच नसते. चौदा तारखेला दुपारी त्यांनी ते घर सोडवलं. पोती दोन झाली. टाकी, सीट, सांगाडा आणि दोन चाकं राहिली, आणि सांगाड्याच्या मध्ये पलीकडची तुळस दिसू लागली. किकचा दांडाही पोत्यात होता, म्हणून काय करावं हे त्यांना सुचेना. आक्काने हँडलवर हात ठेवला आणि इंजिन सुरू झालं. टिचकी नव्हती. यासीनने टोपी नीट केली. विमलवहिनी पिठाच्या हाताने दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पापडांचं काही बोलल्या नाहीत.

पंधरा तारखेला त्यांनी गाडी ढकलत कॅम्पच्या मैदानावर नेली. यासीनने पोती आपल्या टेम्पोतून आणली. आक्का टेम्पोत पुढे बसली होती. निरीक्षक खोचरेबाई टेबलाशी बसून एकेक वाहन तपासत होत्या. पाळी आल्यावर त्यांनी इंजिन कुठे आहे असं विचारलं. चालू आहे, असं सदानंदरावांनी सांगितलं. बाईंनी वाकून पाहिलं, तळहात मोकळ्या जागेजवळ नेला, झटकन मागे घेतला आणि तक्त्यात "कार्यरत" असं लिहिलं. धुराच्या यंत्राने शून्य दाखवलं. बाईंनी तेच यंत्र शेजारच्या रिक्षाला लावून पाहिलं. ते बरोबर होतं, म्हणून त्यांनी शून्य लिहिलं.

मग त्यांनी क्रमांक मागितला. सदानंदरावांनी पोत्यातून ते खोकं काढून दोन्ही हातांनी पुढे धरलं.

"हा सुटा भाग आहे, मगदूम," बाई म्हणाल्या. "क्रमांक गाडीला बसवलेल्या इंजिनावरून घ्यायचा असतो. असं चालवलं तर उद्या कुणीही पोतं घेऊन येईल."

बाईंचं म्हणणं बरोबर होतं. त्यांच्या जागी सदानंदराव असते तर तेही हेच म्हणाले असते. बसवून आणा, असं बाईंनी सुचवलं. ते बसायला जागा उरलेली नाही, असं सदानंदरावांनी खरं ते सांगितलं. त्यांचे हात भरून आले होते, पण खोकं खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही. आक्का टेम्पोतून त्यांच्याकडे बघत होती. नोंद रद्द करण्याचा लाल शिक्का टेबलावर उजव्या हाताला होता, आणि बाईंनी डाव्या हाताने नियमांचं पुस्तक ओढून घेतलं.

त्यांनी संबंधित पान काढलं आणि बोट ठेवून मोठ्याने वाचलं. ठसा इंजिनाच्या डाव्या बाजूस, सिलिंडरच्या खाली, कागद लावून पेन्सिलीने घ्यावा. एवढंच होतं. बाईंनी ते पुन्हा मनात वाचलं. मग पातळ कागदाची पट्टी आणि पेन्सिल घेऊन त्या उठल्या, गाडीच्या डाव्या बाजूला गुडघ्यावर बसल्या आणि पट्टी मोकळ्या जागेत, जिथे लावायला हवी तिथे लावली.

पट्टी वाकली नाही. बाईंनी पेन्सिल आडवी धरून हलकेच घासायला सुरुवात केली, आणि करड्या रंगातून पांढरे आकडे एकेक करून वर आले. सदानंदराव वाकून बघत होते. शेवटचा सात किंचित कललेला होता. साठ वर्षांपूर्वी तो आकडा ज्याने ठोकला, त्याचा हात त्या दिवशी जरासा हलला असावा.

बाईंनी पट्टी बुकातल्या क्रमांकाशी ताडून पाहिली, फॉर्मवर चिकटवली, सही केली आणि पुढच्या वाहनाला हाक मारली.

आक्का टेम्पोतून उतरली. तिने पदर खोचला, पुढे आपणच बसावं का, अशा विचाराने क्षणभर गाडीकडे पाहिलं, आणि मग भावाच्या मागे बसली. पोत्यांचं काय करायचं, असं यासीनने विचारलं. धातू चांगला आहे, कुणाला लागला तर दे, असं सदानंदराव म्हणाले.

नेसरीच्या रस्त्याला उतारावर वारा सुटला होता. तो गाडीच्या मधून आरपार जात होता, आणि वेग वाढवला तशी सदानंदरावांच्या दोन्ही पोटऱ्यांना इंजिनाची चांगली ऊब लागू लागली.