तुळोजी अस्वलाची नवीकोरी गाडी

बाळांनो, नीट बसा. खाजवाखाजवी गोष्ट संपल्यावर करा.

एका जंगलात तुळोजी नावाचं अस्वल राहत होतं आणि त्याच्याकडे गाडी होती. जंगलात गाडी कुठून आली, असं मध्येच विचारायचं नाही. तुमच्या गल्लीत तरी एवढ्या कुठून आल्या?

गाडी घेऊन वर्ष झालं, तरी सीटवरचं कारखान्यातलं प्लास्टिक तुळोजीने काढलं नव्हतं. बसलं की ते चर्र वाजायचं. तो आवाज त्याला फार आवडायचा. गाडीत काही खायचं नाही, असा नियमही त्याने केला होता.

तुळोजीला म्हातारी आई होती, गोदाक्का. तिचं माहेर नदीपलीकडच्या टेकडीवर. तिथे तिचा भाऊ भिवाजी एकटाच राहायचा. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता आणि त्या जंगलात डोळ्यांचा डॉक्टर नव्हता. भावाला दिसतंय तोवर एकदा भेटून यावं, एवढंच गोदाक्काच्या मनात होतं. ती वर्षभर मागे लागली, तेव्हा कुठे तुळोजी गाडीतून न्यायला कबूल झाला.

सकाळी गोदाक्का नटूनथटून आली. हातात मोहाच्या लाडवांचं गाठोडं होतं. गाडीत चढताना तिचा तोल गेला आणि तिने दाराला आतून हात घातला.

खर्र.

दाराच्या आतल्या करड्या प्लास्टिकवर चार ओरखडे उमटले. शेवटी अस्वलाचीच नखं ती.

"आई, अगं काय केलंस हे?"

"पडत होते रे. धरायला गेले."

"उतर आधी. हे निस्तरू, मग जाऊ."

गोदाक्का उतरली आणि गाठोडं मांडीवर घेऊन जांभळाखाली बसून राहिली. मला इथे तुळोजीचा राग येतो. तुम्हालाही येऊ द्या.

शेजारचं माकड, नारोबा, लगेच धावून आलं. त्याच्याकडे गाडी नव्हती, म्हणून त्याला गाड्यांमधलं सगळं कळायचं.

"खोबरेल लावा, तुळोजीराव. ओरखडा दिसणारसुद्धा नाही."

तुळोजीने खोबरेल लावलं. तेवढाच भाग चकाकू लागला आणि बाकीची गाडी जुनी वाटायला लागली. मग त्याने चारही दारांना आणि डॅशबोर्डला खोबरेल चोपडलं. दुसऱ्या दिवशी गाडीत मुंग्या आल्या. अस्वलांना मुंग्या फार आवडतात, पण नियम म्हणजे नियम. तुळोजी एकेक मुंगी चिमटीत धरून बाहेर न्यायचा, खायचा आणि परत आत यायचा. यात आठवडा गेला.

"आता टूथपेस्ट घासा," नारोबा म्हणाला.

टूथपेस्ट ओरखड्यांत जाऊन बसली. आधी जवळून दिसणाऱ्या चार रेघा आता नदीपलीकडूनही दिसू लागल्या.

"मग बूटपॉलिश."

बूटपॉलिश काळं होतं आणि दार करडं. पुढचं सांगत नाही.

गोदाक्का दर आठवड्याला विचारायची, "निघायचं का रे?"

"थांब गं आई. एवढं झालं की निघूच."

लाडू दगडासारखे झाले. तिने ते फोडून खारींना वाटले आणि नवे वळले. पावसाळा गेला, थंडी आली. टेकडीवरून निरोप आला की भिवाजी आता हाताने चाचपत चालतो.

शेवटी तुळोजीने काशीराम मुंगसाला बोलावलं. हा मात्र खरा कारागीर होता. त्याने आधी तेल, टूथपेस्ट आणि पॉलिश साबणाच्या पाण्याने धुऊन काढलं. मग गरम हवेच्या यंत्राने प्लास्टिक हळूहळू ऊबदार केलं. ते किंचित मऊ झाल्यावर त्याने दाराच्या प्लास्टिकवर होती तशाच खरखरीत नक्षीचा एक तुकडा त्यावर दाबून धरला.

"घाई करायची नाही," तो म्हणाला. "जास्त तापलं तर दाराची आंबोळी होते."

तुकडा उचलला तेव्हा ओरखडे नव्हते. तुळोजीने डोळे अगदी जवळ नेऊन पाहिलं.

"हात लागतो तिथे पुन्हा उमटणार बरं का," काशीराम हात पुसत म्हणाला. "गाडीत बसतं कोण?"

"मी सोडून अजून तरी कोणी नाही."

काशीराम आपलं यंत्र उचलून निघून गेला.

"आई, चल," तुळोजी आनंदाने म्हणाला. "झालं एकदाचं."

गोदाक्का गाठोडं घेऊन आली. तिने उघड्या दाराकडे पाहिलं. मग आपल्या नखांकडे पाहिलं.

"तू बस गाडीत," ती म्हणाली. "मी आपली येते चालत."

तुळोजीने फार आग्रह केला नाही. पण मुलगा मायाळू होता हो. आईला एकटं कसं सोडायचं, म्हणून तो पहिल्या गिअरमध्ये तिच्या शेजारून गाडी चालवत राहिला. ऊन चढलं तेव्हा काच खाली करून त्याने तिला पाणी दिलं. "परत देताना झाकण घट्ट लाव," असंही सांगितलं.

दुपार कलताना ती दोघं टेकडीवर पोचली. भिवाजी दारातच बसला होता. आवाजाच्या रोखाने त्याने मान वळवली, पण नजर भलतीकडेच गेली.

"कोण आलंय?"

"मी. गोदा."

भिवाजीने तिचा हात शोधून घट्ट धरला. मग म्हणाला, "उशीर केलास गं. आता तू दिसत नाहीस मला." आणि थोड्या वेळाने, तिला बरं वाटावं म्हणून, "तुळ्याने गाडी घेतली म्हणे. कशी आहे आतून?"

गोदाक्काचे पाय धुळीने भरले होते. पदराने तिने कपाळ पुसलं.

"छान आहे," ती म्हणाली. "एक ओरखडा नाही."

तात्पर्य : गाडी आतून नवीकोरी ठेवणं मुळीच अवघड नाही. चांगला कारागीर गाठावा, आणि आई चालणारी असावी.