नियम क्रमांक चार

सेवेरिनला गेटपाशी थांबायचं नव्हतं, कारण थांबलं की तो पडायचा. पन्नाशी गाठल्याच्या आनंदात त्याने खडीच्या वाटांवर पळणारी नवीकोरी सायकल घेतली होती, एडक्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलची, आणि सोबत पेडलमध्ये खटकन अडकणारे बूट. बूट अडकायचे झोकात, सुटायचे मात्र त्यांच्या मर्जीने. सकाळपासून तो तीनदा आडवा झाला होता, त्यात एकदा शेणात. म्हणून कुरणाचं गेट त्याने चालत्या सायकलच्या पुढच्या चाकानेच ढकललं, आत शिरला आणि ते मागे आपोआप लागेल अशी स्वतःची समजूत घालून पुढे निघाला.

गेटवरची पाटी त्याच्याच हातची होती. खोऱ्यातल्या वाटेवर मोटारींना बंदी झाली तेव्हा हिंटरवाल्डच्या पंचायत कचेरीतला कारकून म्हणून सायकलवाल्यांसाठी अकरा नियम त्यानेच लिहिले होते. चौथा नियम, गेट लावा. सातवा, सायकलला घंटा हवीच. अकरावा, गुरं उतरण्याच्या दिवशी सायकलींना सक्त मनाई. नव्या सायकलला घंटा नव्हती. तेव्हा त्याच्या बायकोने, रोस्विताने, त्याला त्याचाच सातवा नियम ऐकवला आणि माळ्यावरची एक जुनी पितळी घंटा हँडलला बांधून दिली. "आता तुला गोठ्यात बांधलं तरी कोणाला शंका यायची नाही," असंही ती म्हणाली.

वर झोपडीपाशी त्याची थोरली बहीण नोटबुर्गा गाईंच्या गळ्यातल्या रोजच्या घंटा काढून ओळीने मांडत होती. दुसऱ्या दिवशी गुरं गावात उतरायची होती, आणि उतरताना गळ्यात सणाच्या मोठ्या घंटा असतात. सेवेरिन त्यांच्यासाठीच लाल फिती घेऊन आला होता. ताई अडुसष्टची. गावची चव्वेचाळीस गुरं उन्हाळाभर डोंगरावर राखण्याचं हे तिचं एकतिसावं वर्ष आणि शेवटचं. गुडघ्यांनी राजीनामा दिला होता.

उन्हाळा सुखरूप गेला तर गाई फुलांचे मुकुट घालून उतरतात. एखादं जनावर दगावलं किंवा राखणारं माणूस गेलं, तर सगळा कळप बोडका उतरतो, घंटांशिवाय, आणि गाव टोप्या काढून गप्प उभं राहतं. आठ वर्षांपूर्वी एक कालवड कड्यावरून पडली तेव्हा ताई तशी उतरली होती. त्या अख्ख्या हिवाळ्यात तिने खानावळीची पायरी चढली नाही.

"त्रेचाळीस," ताई म्हणाली. मग बोटाने पुन्हा मोजलं. "ब्लेस दिसत नाही."

ब्लेस म्हणजे कपाळावर पांढरा पट्टा असलेली, कळपाची म्होरकी. उद्याचा सगळ्यांत मोठा मुकुट तिचाच होता.

"गेट लावलंस ना रे?"

"म्हणजे काय. नियम कोणी लिहिलेत?"

"लिहिलेस तू, ते माहितीये. लावलंस का?"

"लावलं," सेवेरिन म्हणाला, आणि त्याने सायकल वळवली. "तू गुडघे सांभाळ. मी बघून येतो."

गेट सताड उघडं होतं. त्याने ते लावलं, कडी दोनदा हलवून पाहिली. आता ते लावून कोणाला अडवायचं होतं कोण जाणे, पण हाताला चैन पडेना. ब्लेसच्या गळ्यात घंटा नव्हती, म्हणजे कान देऊन तिला शोधायची सोय नव्हती. उजव्या हाताला घळ, आणि घळीच्या तळाशी ओढ्याचा आवाज. ताईची शेवटची उतरण आपण बोडकी केली, आणि वर तिच्याशी खोटं बोललो, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

त्यात मान धरली. वाकड्या हँडलवर दोन तास ओणवं राहिल्याने ती अशी आखडली की समोर आणि खाली एवढंच दिसे. तरी प्रत्येक वळणावर तो उतरायचा, म्हणजे पडायचा, उठून घळीत डोकावायचा, "ब्लेस, ये गं बाई" म्हणून हाका मारायचा आणि पुन्हा निघायचा.

ब्लेस गेटाबाहेरच्या झुडपांत चरत होती. घंटेचा आवाज ऐकून तिने मान वर केली, तोंडातलं गवत संपवलं आणि ती निमूटपणे सायकलच्या मागे चालू लागली. तो थांबला की तीही थांबायची. सेवेरिनची मान जराशी वळली असती तर ही कथा इथेच संपली असती.

गावच्या चौकात कारंज्याभोवती बायका मुकुट विणत बसल्या होत्या. फरच्या झाडाची डहाळी, कागदी गुलाब, मधे आरसा. रोस्विता मोठा मुकुट मांडीवर घेऊन शेवटचं फूल खोचत होती. तेवढ्यात खानावळवाली हेडविग म्हणाली, "अगं बाई."

सेवेरिन सायकल हातात धरून पायी येत होता. मान खाली, कपड्यांना माती, तोंडावर सुतकी कळा. मागे ब्लेस. एक दिवस आधी. मुकुट नाही, घंटा नाही.

बायका उठून उभ्या राहिल्या. देवळातला गालुस म्हातारा तिथेच उभा होता. त्याने टोपी काढली, छातीवर क्रूस केला आणि घंटाघराकडे निघाला. भाऊ एकटा म्होरकी घेऊन उतरतोय म्हटल्यावर विचारायचं काय राहिलं होतं?

"काही बोलू नकोस," हेडविगने त्याच्या हातात नाशपातीच्या कडक दारूचा पेला दिला. "कळलं आम्हाला."

"एवढ्यात कळलं?" सेवेरिनला धक्काच बसला.

"दिसतंय की रे."

त्याने पेला रिकामा केला. "सगळी चूक माझी. मी गेट लावलं नाही."

"दुःखात माणूस काहीही बोलतो," हेडविग हळूच रोस्विताला म्हणाली. मग त्याला म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस. वय झालंच होतं."

"कसलं वय? सातवं लागलंय नुकतं."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. रोस्विताने डोळ्यांना पदर लावावा तसा ॲप्रन लावला.

"मला ती सापडतच नाही गं," सेवेरिनचा आवाज फुटला. "घळीत बघितलं, ओढ्यात बघितलं. हाका मारून घसा बसला."

"ती आता वरून बघत असेल आपल्याकडे," रोस्विता हुंदका देत म्हणाली.

"वर नाहीये. वर असती तर मी खाली कशाला आलो असतो?"

इतक्यात देवळाची घंटा वाजू लागली, संथ, एकेक ठोका मोजून. गावात कोणी गेल्यावर वाजते तशी. सेवेरिनला वाटलं, गाईसाठी एवढं म्हणजे जरा जास्तच होतंय. सहा ठोके झाले असतील नसतील, हेडविगचा फोन वाजला. तिने पडद्यावरचं नाव बघितलं आणि ती मटकन कारंज्याच्या कठड्यावर बसली. कसाबसा फोन कानाला लावला.

तिकडून येणारा आवाज सगळ्या चौकाला ऐकू गेला. "हेडविग, घंटा ऐकतेय मी इथून. कोण गेलं गं?"

"तू," हेडविग म्हणाली.

मग फोनमधून ताई म्हणाली, "मग मला पुरायच्या आधी माझी गाय शोधा."

आणि त्याच वेळी ब्लेसने रोस्विताच्या मांडीवरच्या मुकुटाचा डावा भाग शांतपणे तोंडात घेतला. रोस्विता किंचाळली. सेवेरिन सगळं अंग गोल फिरवून मागे वळला, आणि ब्लेसचं ओलं नाक त्याच्या नाकाला टेकलं. तोंडातून एक कागदी गुलाब लोंबत होता. त्याचा जीव असा भांड्यात पडला की तो गाईच्या गळ्यात हात टाकून चक्क रडला, आणि दुसरा पेला कोणी दिला हेही त्याला आठवत नव्हतं. गालुसला घंटाघरातून खाली बोलवायला मात्र वेळ लागला. तो मन लावून वाजवत होता.

"ताई," सेवेरिन फोनवर म्हणाला, "गेट मी उघडं ठेवलं होतं. खोटं बोललो."

"माहितीये. इथून गेट दिसतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर माफी मागत बसला असतास. खोटं पचेना म्हणून शोधायला पळालास. सायकलला काय बांधलंय?"

"घंटा. माळ्यावरची."

"अरे शहाण्या, ती ब्लेसच्या आईची. वासरू होती तेव्हा ती त्याच आवाजामागे चालायची."

ब्लेसला संध्याकाळी वर न्यायलाही तीच घंटा लागली, आणि सकाळी तर मुकुट चढवला तरी ती त्या आवाजाशिवाय जागची हलेना. मुकुटाच्या खाल्लेल्या बाजूला रोस्विताने लाल फितींची फुलं करून लावली होती. लांबून कोणाला कळलं नसतं. शेवटी गुरांच्या पुढे सायकलवर सेवेरिनलाच बसावं लागलं, हँडलला फुलं बांधून. पाटीवर अकराव्या नियमाखाली त्याने पहाटेच पंचायतीच्या शिक्क्यासह एक ओळ वाढवली होती: म्होरक्या गाईने आग्रह धरल्यास अपवाद.

एकेक करून सगळी गुरं गेटाबाहेर पडली. शेवटी ताई, काठी टेकत. तिने गेट ओढून घेतलं, कडी घातली, आणि हात जरा वेळ कडीवरच ठेवला. एकतीस उन्हाळे ती कडी तिने घातली होती. मग पुढे बघून हाक मारली.

"सेवेरिन, गेट लावलं रे."

त्याची मान अजून वळत नव्हती. त्याने उत्तरादाखल एक हात वर केला, तोल गेला, बूट सुटले नाहीत आणि तो फुलांसकट आडवा झाला. सगळा कळप थांबला. ब्लेस त्याचा कान चाटू लागली. थांबल्याच आहेत तर म्हणून ताईने डोळे पुसले आणि पुन्हा एकदा मोजून घेतलं. चव्वेचाळीस भरल्या.