तेरा शालींचा साकव

एका जंगलात, बाळांनो, लोकशाही आली होती. म्हणजे सिंह होताच. पण आता तो दर पाच वर्षांनी हात जोडायचा, आणि वडाखाली सभागृह भरायचे.

एका वर्षी ओढ्याकाठची जागा माद्यांसाठी राखीव झाली. तिथून गजराबाई सायाळ निवडून आल्या. त्यांचे यजमान म्हणाले होते, तू नुसती बस, बोलायचं मी बघतो. पण दारावरच्या रानमांजराने यजमानांना आत सोडलेच नाही. मग बाईंनाच बोलावे लागले.

बोलायचे एकच होते. ओढ्यावर साकव हवा. अलीकडे बिळे, पलीकडे शाळा. मागच्या श्रावणात शेजारच्या सशिणीचे धाकटे पिल्लू शाळेला जाताना वाहून गेले. सशीण अजून रोज काठावर येऊन बसायची. गजराबाईंना ते बघवत नसे.

"ओढ्यावर साकव कधी बांधणार?" त्यांनी सभागृहात विचारले.

बांधकाममंत्री रानडुक्करसाहेब उठले. "माहिती गोळा करण्यात येत आहे," म्हणाले आणि बसले.

बाईंचा पारा चढला. सायाळीचा पारा चढला की काटे उभे राहतात, त्याला ती तरी काय करणार? शेजारचे दोन सदस्य ओय ओय करत पळाले. अध्यक्ष अस्वलराव मुरलेले गृहस्थ होते. सदस्या फार तळमळीने बोलल्या, सबब त्यांचा सत्कार करावा, असे त्यांनी जाहीर केले. जाडजूड शाल अंगावर पडली, काटे दबले. हातात नारळ आला. हातात नारळ असला की हातवारे करून भांडता येत नाही.

तेव्हापासून रिवाजच पडला. पुन्हा साकव, पुन्हा माहिती, पुन्हा काटे, पुन्हा शाल. आदर्श सदस्येची शाल, महिला दिनाची शाल. एकदा बाईंना बोलायला वेळच दिला नाही, तेव्हा संयमाबद्दल शाल मिळाली. घरी यजमान नारळाच्या वड्या करायला शिकले.

एकदा बाईंनी शाल धुऊन काठावरच्या झुडपावर वाळत घातली. वाऱ्याने तिचे टोक पाण्यावर गेले. बाई बघतच राहिल्या. मग त्यांनी बसल्या जागी अंदाज घेतला. ओढा बरोबर तेरा शालींचा होता.

त्या दिवसापासून त्या काटे मुद्दाम उभे करू लागल्या. सगळ्यांना वाटले, बाई सत्काराला चटावल्या. सशिणीलाही तसेच वाटले.

"बाई, तुम्ही पण त्यांच्यातल्याच झालात," ती म्हणाली.

ते बाईंना फार लागले. पण शाली तेव्हा नऊच होत्या, आणि सभागृहापर्यंत कुणकुण गेली असती तर दहावी मिळाली नसती. त्यांनी नववी शाल घडी करून ठेवली.

बारा झाल्या आणि नवा नियम निघाला. एका सदस्याला बाराच शाली. तेरावी फक्त निरोपाला. श्रावण आठवड्यावर आला होता.

गजराबाई उठल्या. "मी राजीनामा देते," म्हणाल्या.

का, असे कुणी विचारले नाही. सिंहाने स्वतः शाल घातली. रानडुक्करसाहेबांना तर हुंदका आवरेना.

त्याच दुपारी बाईंनी स्वतःचे काटे उपटले, टोके दुमडून शालीला शाल टाचली. सशिणीने लांबून वळसा घालून पलीकडच्या जांभळीला टोक बांधले. परत येऊन तिने बाईंची सोललेली पाठ कुरवाळली. श्रावणभर पिल्ले शाळेला गेली. कुणाचा पायही भिजला नाही.

मग सभागृहात जुन्या प्रश्नाचे उत्तर आले. माहिती गोळा झाली आहे, ओढ्यावर साकव आहे, सबब प्रश्न उद्भवत नाही.

साकवाचे रीतसर उद्घाटन ठरले. रानडुक्करसाहेब आले. त्यांना घालायला मात्र शाल नव्हती. म्हणून साकवातली मधली शाल सोडून त्यांच्या खांद्यावर घातली. साहेबांनी फीत कापली, हात हलवत साकवावर चढले, आणि मध्यावर पोचताच थेट पाण्यात गेले. तीन कोसांवर सापडले, शाल पांघरलेलेच. पूरपाहणीसाठी त्यांचे खूप कौतुक झाले.

काठावर सशीण रडू लागली. गजराबाईंनी स्वतःच्या पाठीवरून हात फिरवला. नवे काटे फुटू लागले होते. त्यांनी तसेच जाऊन पोटनिवडणुकीचा अर्ज भरला. शाल एकच हवी होती.

तात्पर्य : बाईमाणसाच्या प्रश्नाला उत्तर देऊ नये, शाल द्यावी. प्रश्न ती सोडवते. उद्घाटनाला जाताना मात्र आपली शाल आपण न्यावी.