बाबा, गाडी अडली!

हौशाची गाडी रविवारी संध्याकाळी मोठ्या थाटात गॅरेजात शिरली आणि सोमवारी सकाळी बाहेर येईना.

हौशा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत दिवसभर लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे कागद तपासणाऱ्या या माणसाला स्वतःच्या गाडीची इतकी हौस, की ऑफिसात सगळे त्याला हौशाच म्हणत. रविवारी बाबांचे डोळे तपासून आणि महिन्याचं सामान भरून परत येताना तो टायरवाल्याकडे थांबला. टायरवाला म्हणाला, "साहेब, ही मोठी चाकं टाका. गाडी दोन बोटं उंच होते. काय रुबाब दिसेल!" हौशा तिथल्या तिथे विरघळला.

"अहो, चाकं मोठी झाली म्हणून रस्ता छोटा होणार आहे का?" मागच्या सीटवरून बायकोने विचारलं. ती शाळेत गणित शिकवायची. तोवर हौशाने टायरवाल्याला हो म्हणूनही टाकलं होतं.

"जुनी चाकं असू द्या माझ्याकडे," टायरवाला म्हणाला. "लोक परत येतात."

तर सोमवारी सकाळी हौशाने गाडी मागे घेतली आणि 'खर्रर्र' असा आवाज आला. उतरून बघतो तर गाडीचं टप शटरच्या वरच्या लोखंडी चौकटीला टेकलेलं.

"अगं, काल आत कशी गेली मग ही?"

बायको पर्स खांद्याला अडकवून निघतच होती. तिने एकदा चौकटीकडे पाहिलं, एकदा चाकांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "काल आपण तिघं आत होतो. डिकीत महिन्याचं सामान होतं. गाडी दबली होती. आपण उतरलो, ती उठली."

"म्हणजे आता बाहेर काढायची तर..."

"तर परत बसा सगळे!"

हवा कमी करावी म्हणून त्याने टायरवाल्याला फोन केला. टायरवाला जवळजवळ ओरडलाच, "साहेब, नव्या रिमची वाट लागेल!" गाडी बाहेर ठेवावी तर गल्ली अशी, की गाडी उभी केली की शेजाऱ्यांची सायकलसुद्धा अडते. मग बायको मागे बसली. तेवढ्याने भागेना. आता घरात उरले होते फक्त बाबा.

बाबांनी उभा जन्म शिवणयंत्रापुढे काढला होता. हात थरथरू लागले तसं दुकान बंद केलं आणि खिडकीजवळची खुर्ची धरली ती धरलीच. फिरायला चला म्हटलं की म्हणत, "मी कशाला? माझं काय काम तिथे?" काम नसताना घराबाहेर पडणं त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं. त्यांचं दिवसभर त्या खुर्चीत बसून राहणं हौशाला आतून खात होतं, पण काय करावं ते त्याला सुचत नव्हतं.

"बाबा, जरा येता का? तुमचं काम आहे!"

बाबा बनियनवरच धावत आले. बसले. गाडी अलगद बाहेर आली.

"झालं! उतरा आता."

"एवढंच?" बाबा म्हणाले. त्यांना जरा वाईटच वाटलेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. नंतर बूट आले, मग खिशाला पेन आलं. एका गाडीच्या लांबीचा तो प्रवास, पण बाबा जबाबदारीने करत. खिडकीतून डोकं काढून चौकटीकडे बघत सांगत, "हळू... थांब! सूतभर कमी आहे. हां, आता घे." एके दिवशी ते उतरलेच नाहीत. "आता बसलोच आहे तर कोपऱ्यापर्यंत येतो," म्हणाले. कोपऱ्यावरून मजल वाचनालयापर्यंत गेली. तिथे त्यांना बरोबरीचे दोघंतिघं भेटले. संध्याकाळी ते हौशाची वाट बघत वाचनालयाच्या पायरीवर बसू लागले, कारण गाडी आत घ्यायलाही ते लागतच होते. घरी जेवताना वाचनालयातल्या भांडणांच्या बातम्या येऊ लागल्या.

हाल झाले ते बायकोचे. तिची रोजची बस चुकू लागली. "मी मुलांना गणित शिकवते, गाडीला वजन पुरवत नाही!" असं सुनावून तिने डिकीत स्वतःच्या वजनाइतक्या वाळूच्या गोणी टाकून घेतल्या. हिशोब अचूक निघाला. मग ती सहज म्हणाली, "अजून एक गोणी टाकली तर बाबांनाही सकाळी धावपळ नको. त्यांचे गुडघे दुखतात."

ती मायेनेच म्हणाली होती. बाबा तेव्हा बुटांना पॉलिश करत होते. "बरोबर आहे सूनबाई," ते हसून म्हणाले, "गोणीला बूटसुद्धा लागत नाहीत." आणि त्यांनी ब्रश डब्यात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी जादा गोणी टाकून गाडी गॅरेजाबाहेर आली. बाबा बनियनवर खुर्चीत होते.

"बाबा, वाचनालयात सोडू?"

"कशाला? माझं काय काम तिथे?"

हौशाने दोनदा मागे वळून त्या खुर्चीकडे पाहिलं. त्याच तंद्रीत तो ऑफिसला निघाला आणि वाटेत गाडीखालून जळका वास आला. वाळूच्या वजनाने गाडी इतकी दबली होती, की मागची मोठी चाकं पत्र्याला घासून टायर कापले गेले होते. टायरवाल्याने जिभेने 'च् च्' केलं. "जुनीच बसवू ना साहेब? म्हटलं होतं, लोक परत येतात."

संध्याकाळी गाडी जुन्या चाकांवर, गोणीबिणी काही नसताना, सुरळीत आत आली. आता कुणाचीच गरज नव्हती. हौशाला रडू यायचं बाकी होतं.

सकाळी त्याने गाडी सुरू केली. वर हातभर नसली तरी चांगली मोकळी जागा होती. त्याने आरशातून खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. मग गाडी बंद केली आणि जोरात हाक मारली, "बाबा! अहो बाबा, गाडी अडली!"

बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, पण चाकं तर काल..." हौशाने डोळे वटारले. तिच्या लक्षात आलं, आणि बस सोडून ती बाबांचे बूट आणायला आत पळाली.

बाबा आले. घाईत शर्टाचं एक बटण वरखाली लागलं होतं. त्यांनी बसून खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "हळू... थांब! सूतभर कमी आहे. हां, घे."

गाडी वाचनालयापाशी थांबली. उतरताना बाबा म्हणाले, "जुनी चाकं बसवलीस ते बरं केलंस. कंबरेला धक्के बसायचे."

हौशा गडबडला. "तुम्हाला कसं कळलं?"

"अरे, जन्मभर मापं घेतली मी. काल गाडी आत आली तेव्हाच खुर्चीतून दिसलं."

"मग सूतभर कमी आहे म्हणालात ते?"

"तू अडली म्हणालास ना!"

बाबांनी दार लावलं, पायरी चढले, आणि काहीतरी आठवल्यासारखे परत खिडकीशी आले.

"संध्याकाळी किती वाजता अडेल?"

"नेहमीच्याच वेळेला, बाबा."